ठोका कुठं पडतो

अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ती दुमजली इमारत होती. खाली रबराचे वायसर तयार व्हायचे आणि वर इटालियन क्रियापदं. खालच्या भट्टीचा जळका वास जिन्यातून वर चढायचा, म्हणून वरच्या कंपनीने भिंतीवर मोगऱ्याचा सुगंध फवारणारं यंत्र लावलं होतं. दर दहा मिनिटांनी ते फुस्स करायचं. जळकं रबर आणि त्यावर मोगरा! सुनीतीला त्या वासाची पहिल्या दिवसापासून शिसारी होती. आता तर बसमध्ये पुढच्या बाईच्या वेणीतला खरा मोगरासुद्धा तिला सहन होईनासा झाला होता.

क्रियापदं तयार व्हायची म्हणजे काय, तेही सांगायला हवं. परदेशातली कुठलीशी कंपनी इटालियन मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र बनवत होती. त्या यंत्राला शब्द कुठे तोडायचा आणि कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा हे कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते काम फिरत फिरत अंबत्तूरला आलं. क्रियापदांची चाळीस हजार रूपं. प्रत्येक रूप पडद्यावर यायचं, ते तोडायचं, मग ज्या तुकड्यावर ठोका पडतो त्याच्यावर बोट दाबायचं, की पुढचं रूप हजर. बावीस जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच करत, आणि त्या बावीस जणांत इटालियन येणारी एकटी सुनीती होती.

वय एकोणपन्नास. माहेर सांगलीचं, शिक्षण पुण्यात. नवरा, उमाकांत, चेन्नईच्या आवडी उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात, म्हणून एकोणीस वर्षं चेन्नईत. मधली तीन वर्षं ओरगडमच्या एका कारखान्यात इटलीहून यंत्रं बसवायला आलेल्या लोकांची ती दुभाषी होती. यंत्रं बसली, लोक परत गेले, सुनीती घरी बसली ती पाच वर्षं. दुपारी दोन ते पाच या वेळात क्वार्टरच्या भिंती कशा अंगावर येतात हे तिला पाठ झालं होतं. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा ती हरखून गेली होती. तिची पदवी कंपनीने मोठ्या अगत्याने मागून घेतली, तिची रंगीत प्रत काढली आणि परदेशी पाठवली. कंपनीला तेवढीच हवी होती, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं.

झालं असं, की टीमचा प्रमुख अद्वय याने सगळ्यांसाठी एक नियमपत्रक काढलं होतं. सगळे त्याला 'शीट' म्हणत. अद्वय सत्तावीस वर्षांचा, नाशिकचा, गोरागोमटा, बोलायला लोण्यासारखा मऊ. त्याच्या शीटवर लिहिलं होतं, की इटालियनमध्ये जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो. बहुतेक शब्दांना ते लागूही पडतं. पण 'ते लोक अमुक करतात' असं सांगणारी रूपं आली, की ठोका उचलून मागे जातो. पार-ला-नो, म्हणजे ते बोलतात: ठोका 'पार'वर. आ-बी-ता-नो, ते राहतात: ठोका थेट पहिल्या 'आ'वर. ते-ले-फो-ना-नो, ते फोन करतात: ठोका 'ले'वर, आणि मागचे तीन तुकडे जिन्यावरून उतरणाऱ्या पोरांसारखे धडाधड खाली. सुनीतीचा या रूपांवर जीव होता. पुण्यात शिकताना ती सायकलवरून घरी जाताना हीच रूपं मोठ्याने म्हणत जायची आणि लोक वळून बघायचे.

तिने अद्वयला सांगितलं. समजावून सांगितलं, लिहून दिलं, दोनदा.

"ताई, तुमचा पॉइंट एकदम व्हॅलिड आहे," अद्वय म्हणाला. "पण शीट क्लायंटने अप्रूव्ह केलंय. आणि आपल्याकडे कन्सेन्सस आहे ना. तुम्ही बरोबर असाल तर कन्सेन्ससमध्ये दिसेलच."

हा कन्सेन्सस म्हणजे त्या कार्यालयातली सगळ्यांत किळसवाणी गोष्ट. प्रत्येक रूप तिघांकडे जायचं. कुणाकडे, ते कुणालाच सांगत नसत. तिघांतल्या दोघांनी सारखं दाबलं की ते बरोबर ठरायचं आणि उरलेल्या तिसऱ्याला लाल ठिपका मिळायचा. ठिपके साठले की आकडा खाली. समोरच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर बावीस नावं आणि बावीस आकडे दिवसभर झळकत असायचे. आता एकवीस जण शीट बघून दाबणारे आणि एक जण भाषा जाणणारी. ठिपके कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. चौथ्या महिन्यात सुनीतीचा आकडा बहात्तर होता. बावीस जणांत सगळ्यांत कमी. बाजूची विद्यालक्ष्मी, जिचा आकडा शहाण्णव, तिच्याकडे अशा दयेने बघायची, की सुनीतीला तिच्या डब्यातल्या दहीभातात बोट बुडवून ते तिच्याच पडद्याला पुसावं असं वाटे.

त्या सगळ्यात एकच माणूस वेगळं निघालं. कीर्तना.

कीर्तना तेवीस वर्षांची. तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, वडील तिथे शाळेत शिक्षक. तिची मराठी ऐकून सुनीतीला पहिल्यांदा हसू आलं आणि मग लाज वाटली, कारण ती मराठी तिच्यापेक्षा तीनशे वर्षांनी मोठी होती. कीर्तना सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होती. मुदत संपते त्या दिवशी चार वाजता आकडा ऐंशी किंवा वर असला तर नोकरी पक्की. नसला तर तंजावरला परत. तिथे कलेक्टर कचेरीसमोर मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथली खुर्ची तिची वाट बघत होती. वडिलांनी तसा शब्दच घेतला होता.

"अक्का, तुम्हांस इतके लाल कां पडतात?" एके दिवशी तिने जेवताना विचारलं. "तुम्हांस ती भाषा येते नव्हे?"

"येते म्हणूनच पडतात," सुनीती म्हणाली.

कीर्तनाने घास हातातच धरून ठेवला. "तर मग बाकीचे सगळे तप्पु दाबतात?" तप्पु म्हणजे चूक.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. मराठी माणसाच्या कानाला हा ठोका सहजी ऐकू येत नाही; आपण सगळी अक्षरं एका मापाने टाकत जातो. पण कीर्तनाच्या घरी पिढ्यान् पिढ्या भजनं चालत. तिला मांडीवर ताल धरायची सवय होती. सुनीती शब्द म्हणायची आणि कीर्तना मांडीवर थाप मारून ठोका कुठे पडला ते सांगायची. तीन दिवसांत जमलं. आठवड्याने ती सुनीतीने न म्हटलेले शब्दही ओळखू लागली. पुण्याच्या वर्गात पैसे भरून आलेल्या पोरांना वर्षभरात जे जमलं नव्हतं ते या मुलीला सांबारभात खाता खाता जमलं. सुनीतीला किती वर्षांनी आनंद झाला होता ते तिचं तिलाच माहीत.

आणि बक्षीस काय मिळालं? कीर्तनाचा आकडा एक्क्याण्णव होता. बरोबर शिकल्यापासून तो घसरत घसरत ब्याऐंशीवर आला.

"शिकण्याआधीं मी हुशार होतें," कीर्तना हसत म्हणाली. "आतां मंद झालें."

"अगं, मग तू शीटप्रमाणे दाब," सुनीती म्हणाली. पण ती हे मनापासून म्हणत नव्हती, आणि कीर्तनालाही ते कळलं असावं. तिने नुसती मान हलवली आणि मांडीवर थाप मारली.

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी रात्रभर पाऊस कोसळला होता. अंबत्तूरच्या पुलाखाली कमरेएवढं पाणी, कंपनीची बस डेपोतच. घरून काम करायची सोय नव्हती; परदेशी कंपनीची माहिती इमारतीबाहेर जाऊ नये म्हणून फोनसुद्धा दारात लॉकरमध्ये ठेवावे लागत. सुनीती क्वार्टरपासून रिक्षाने आणि मग गुडघाभर पाण्यातून चालत आली. उमाकांत म्हणाला होता, "एक दिवस नाही गेलीस तर आभाळ कोसळणार आहे का?" पण त्याला कुठे ठाऊक होतं, की कीर्तनाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

आणि सुनीतीच्या कराराचाही. तिचा करार सहा सहा महिन्यांचा, आणि तो पुढे चालवायचा की नाही यावर अद्वय त्याच दिवशी शेरा लिहिणार होता.

कार्यालयात बावीसपैकी तिघंच पोहोचले होते. कीर्तना, जी जवळच्या बायकांच्या हॉस्टेलमधून चालत आली होती. सुनीती. आणि स्वतः अद्वय, जो समोरच्या सोसायटीत राहायचा. त्याचे बूट कोरडे होते.

"आजची बॅच पुढे नाही ढकलता येणार," अद्वय म्हणाला. "तीन जण लागतात, तीन आहोत. मीपण बसतो."

बॅच उघडली आणि सुनीती पडद्याजवळ सरकली. सगळीच्या सगळी 'ते लोक'वाली रूपं. ते खातात, ते झोपतात, ते ओळखतात. तीनशे.

आज कुणाकडे काय जातंय हे गुपित राहिलं नव्हतं. तीन माणसं, तीन हात. अद्वय शीट बघून दाबणार, कीर्तना कान लावून दाबणार. उरली सुनीती. तिचं बोट ज्याच्या बाजूला पडेल तो जिंकला.

सकाळ छान गेली, हे कबूल करायला हवं. सुनीती आणि कीर्तना एकेक रूप बरोबर दाबत गेल्या आणि एकेक लाल ठिपका अद्वयच्या खात्यात पडत गेला. कीर्तना ब्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर चढली. अद्वय सत्त्याण्णववरून त्र्याण्णव, मग एक्क्याण्णव. सुनीतीला इतकं बरं वाटलं, की मोगऱ्याचं यंत्र फुस्स झालं तेव्हा तिचं नाकही वाकडं झालं नाही. पलीकडच्या टोकाला कीर्तना पाठमोरी बसली होती, आणि तिचा उजवा हात मांडीवर हलताना दिसत होता.

बारा वाजता अद्वय दोन कॉफ्या घेऊन आला. एक सुनीतीपुढे ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"ताई, तुम्ही सिनियर आहात, म्हणून तुमच्याशी बोलतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "क्लायंट आज लाइव्ह बघतोय. लीडचाच स्कोअर पडला की ते शीट मागवतील. शीटवर प्रश्न आला, तर सहा महिन्यांचं काम परत करावं लागेल. सगळ्यांना. बावीस लोकांना."

"पण शीट चुकीचं आहे, अद्वय. तुला मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं."

"चूक-बरोबर मी म्हणतच नाहीये ताई. मी कन्सिस्टन्सी म्हणतोय. एकाच प्रकारे चुकलं तर मशीनला चालतं. अर्धं असं, अर्धं तसं झालं की मशीन कन्फ्यूज होतं." तो हसला. त्याचे दात फार स्वच्छ होते. "आणि बाय द वे, तुमचं रिन्यूअल टेबलावरच आहे माझ्या. मी पॉझिटिव्हच लिहिणार होतो. म्हणजे, लिहिणारच आहे. तुमची घरची सिच्युएशन मला माहीत आहे ना."

'घरची सिच्युएशन' म्हणजे एकदा जेवताना तिने सांगितलेल्या त्या पाच वर्षांच्या दुपारी. तिने ते या पोराला का सांगितलं होतं, देव जाणे. तिला वाटलं, कॉफी त्याच्या कोरड्या बुटांवर ओतावी. तिने ती प्यायली. साय ओठाला चिकटली आणि किळस येऊन तिने ती ओढणीला पुसली.

"आणि कीर्तना?" तिने विचारलं.

"ती यंग आहे. तिला कुठेही मिळेल," अद्वय म्हणाला आणि उठला.

पुढचं रूप पडद्यावर आलं. आबीतानो. ते राहतात. सुनीतीने बोट पहिल्या 'आ'वर नेलं. तिथून ते उचललं आणि 'ता'वर दाबलं.

काही झालं नाही. यंत्र फुस्स झालं, पुढचं रूप आलं. तिने मनाशी हिशेब मांडला: कीर्तना चौऱ्याऐंशीवर आहे. ऐंशी पुरे आहे. म्हणजे मधे जागा आहे. थोडं अद्वयसाठी, थोडं पोरीसाठी. ऐंशीवर आली की थांबायचं आणि पुन्हा बरोबर दाबायला लागायचं. कुणाचंच नुकसान नाही. हा हिशेब तिला इतका पटला, की तिने भराभर दाबायला सुरुवात केली. वाईट काम लवकर उरकावं असं माणसाला वाटतं, आणि सुनीती तशीही हाताची चपळ. ते खातात, चूक. ते झोपतात, चूक. ते ओळखतात, को-नो-स्को-नो: तोडताना तिने इटालियन माणसासारखं नेमकं तोडलं आणि ठोका मात्र शीटप्रमाणे 'स्को'वर ठेवला. एवढं सुबक तोडून वर घाण टाकताना तिला स्वतःच्या बोटाची किळस आली. बोट थांबलं नाही.

अडीच वाजता भिंतीवर पाहिलं तर कीर्तना ऐंशीवर. आता थांबायचं. ठरल्याप्रमाणे सुनीतीने पुढचं रूप बरोबर दाबलं. त्याच्या पुढचंही. तिला हायसं वाटलं.

मग कीर्तनाच्या नावापुढे लाल ठिपका पडला.

सुनीतीला आधी कळेना. तिने तर बरोबर दाबलं होतं. मग कळलं. ती भराभर दाबत पुढे निघून गेली होती. कीर्तना प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारून दाबणारी, त्यामुळे मागे. सुनीतीने आधीच चुकीची दाबलेली चाळीसेक रूपं अजून कीर्तनापुढे यायची होती. अद्वयचं त्यांवर दाबून झालेलं, सुनीतीचंही. दोन हात सारखे पडून बसले होते आणि तिसऱ्याची वाट बघत होते. कीर्तना जितकी बरोबर दाबत जाईल तितके लाल तिच्याच अंगावर पडणार होते. आणि दाबलेलं मागे घेण्याची सोय त्या कार्यालयात नव्हती. फवाऱ्याची होती, मागे घेण्याची नव्हती.

एकच उपाय होता. उठायचं, वीस पावलं चालायचं आणि कीर्तनाला सांगायचं: बाई, पुढची चाळीस शीटप्रमाणे दाब.

पण तिने विचारलं असतं, का? आणि सुनीतीला सांगावं लागलं असतं, का.

सुनीती उठली. वीस पावलं चाललीसुद्धा. कीर्तनाच्या खुर्चीमागे पाण्याचं यंत्र होतं, तिथे ती ग्लास घेऊन उभी राहिली. कीर्तनाच्या पडद्यावर 'तेलेफोनानो' होतं. कीर्तनाने ओठ हलवले, मांडीवर थाप मारली आणि 'ले'वर दाबलं. अचूक. भिंतीवर लाल.

"अक्का," मागे वळून तिने हळूच म्हटलं, "दुपारून फार लाल येतात. सकाळीं नव्हते."

"हो," सुनीती म्हणाली. तिला वाटलं आता बोलावं. पलीकडून अद्वय दोघींकडे बघत होता. "आज वीज सारखी जातेय ना, सिस्टिम काहीतरी करत असेल," ती म्हणाली.

कीर्तनाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती पुन्हा पडद्याकडे वळली.

सुनीती पाणी न पिताच जागेवर आली. इतकं स्वच्छ, इतकं सहज खोटं! आयुष्यात ती सासूशीही इतकं सफाईने खोटं बोलली नव्हती. पुढचा सव्वा तास तिने पडद्यावरून मान वर केली नाही. एकेक रूप बरोबर दाबत राहिली, जसं काही त्याने मागचं धुऊन निघणार होतं. चार वाजता यंत्राने टिंग केलं आणि भिंतीवरचे आकडे गोठले. अद्वय त्र्याण्णव. सुनीती ऐंशी. कीर्तना एकोणऐंशी.

सुनीती ऐंशी! सहा महिन्यांत पहिल्यांदा.

शुक्रवारी पाणी ओसरलं आणि सगळे आले. अद्वयने कीर्तनाला काचेच्या खोलीत बोलावलं, पाच मिनिटांत बाहेर सोडलं. विद्यालक्ष्मी तोंडावर हात ठेवून "अय्यो पावम" म्हणाली, बिचारी, आणि लगेच पुढच्या रूपावर दाबायला लागली. कीर्तनाने खणातला डबा, छत्री आणि एक वही पिशवीत टाकली. ओळखपत्र टेबलावर ठेवलं. सुनीती तिच्यामागे जिना उतरली. जिन्यात मोगरा नव्हता, नुसतं रबर होतं.

"मी अद्वयशी बोलते," सुनीती म्हणाली. "एकच अंक कमी आहे. वर लिहून कळवता येईल. काल सिस्टिममध्येच काहीतरी..."

"अक्का," कीर्तना म्हणाली, "काल आपण तिघंच होतों."

सुनीती जिन्यावर थांबली. कठड्याचा लोखंडी दांडा तिच्या हाताला चिकट लागत होता.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"दुपारीं. जेवल्यावर दहा लाल आले तेव्हांच." कीर्तनाच्या आवाजात राग नव्हता, आणि सुनीतीला तो असता तर बरं झालं असतं. "सकाळीं तुम्ही माझ्याबरोबर होतां. मग अद्वय सार कॉफी आणिले. मग नव्हतां."

"मग तू शीटप्रमाणे का नाही दाबलंस?" सुनीती जवळजवळ ओरडली. तिला त्या पोरीचाच संताप आला. "तुला दिसत होतं ना लाल पडतायत ते? ऐंशीवर होतीस तू! नुसती बोटं हलवायची होती, पक्की झाली असतीस! कुणी अडवलं होतं तुला?"

कीर्तनाने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. ती विचार करत होती, जणू हा प्रश्न तिला खरंच कुणीतरी विचारायला हवा होता.

"दोनदां बोट नेलें," ती म्हणाली. "पण तुम्ही मागें पाण्यापाशीं उभ्या होतां नव्हे. तुम्ही बघत असतां मीं तप्पु कसें दाबूं? तुम्हींच शिकवलांत."

तिने वाकून नमस्कार केला. सुनीतीला पाय मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मग ती खाली उतरली, वायसरांच्या पोत्यांना वळसा घालून रस्त्यावर गेली आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागली.

सुनीती वर आली. तिच्या टेबलावर नवा करार होता, सहा महिन्यांचा, अद्वयच्या सहीसकट. अद्वय स्वतःही होता, टेबलाच्या कडेला टेकून, हातात शीटची नवी प्रत घेऊन.

"काँग्रॅट्स ताई," तो म्हणाला. "आणि हो, सोमवारी कीर्तनाच्या जागी नवीन मुलगी येतेय. शर्मिष्ठा म्हणून. तिला जरा तुम्हीच तयार करा. तुमचं शिकवणं छान आहे असं ऐकलंय. फक्त शीटप्रमाणे शिकवा, काय?"

सुनीतीने शीट हातात घेतलं. आता एक शब्द तोंडातून निघायला हवा होता. तिला माहीत होतं कुठला, आणि अद्वयलाही माहीत होतं कुठला.

"बरं," ती म्हणाली. तो शब्द तिथल्या तिथे थुंकून टाकावा इतकी तिला त्याची किळस आली. मग ती खुर्चीत बसली आणि अद्वयने पुढे केलेलं पेन तिने घेतलं.